कोडचा वेळ मोजताना घड्याळ कुठे लावायचं

मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या दुचाकीच्या इंजिनात क्रँकशाफ्टला एक अंश फिरायला साडेअठरा मायक्रोसेकंद लागतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच आणि त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. तेव्हापासून पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हा हिशेब गाडीतला एक छोटा कंट्रोलर करतो. समजा, ठिणगीची वेळ साधायचं काम थेट कोडवर सोपवलं आणि त्या कोडला शंभर मायक्रोसेकंद उशीर झाला, तर ठिणगी पाच अंशांहून जास्त उशिरा पडेल. म्हणूनच इंजिनवाले शेवटचा टप्पा हार्डवेअर टाइमरकडे सोपवतात आणि उरलेल्या कोडला किती वेळ लागतो यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं. छत्रपती संभाजीनगरच्या उद्योगाला वळण लागलं ते दुचाकीमुळेच. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्या मागोमाग सुटे भाग पुरवणारे आले आणि त्यांना यंत्रं बनवून देणारे एसपीएमवालेही आले. आता वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यातली मंडळी पीएलसीवर भागत नाही तिथे स्वतःचा बोर्ड करू पाहतात: लीक टेस्टर, टॉर्क मॉनिटर, डोसिंग पंपाचा कंट्रोलर. बोर्डावर बहुधा एसटीएम-३२ किंवा ईएसपी-३२ असतो आणि आत फ्रीआरटीओएस. रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये आणलेली ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम २०१७ पासून अ‍ॅमेझॉनच्या देखरेखीखाली आहे, तरी खुली आणि फुकट आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असो की विद्यापीठ परिसरातल्या नाइलिटमध्ये एम्बेडेडचा अभ्यास करणारा विद्यार्थी, तिच्याशी गाठ पडतेच. आणि मग प्रश्न येतो: माझ्या या फंक्शनला नेमका किती वेळ लागतो, हे कसं काढायचं?

दोन वेळ, दोन उत्तरं

मोजायला बसण्याआधी एक ठरवा: तुम्हाला कोणता वेळ हवा आहे? एक असतो निव्वळ वेळ, म्हणजे त्या टास्कचा कोड चालवण्यात प्रोसेसरने खर्च केलेला. दुसरा प्रतिसादाचा वेळ, म्हणजे काम करायची घटका आल्यापासून ते काम हातावेगळं होईपर्यंत घड्याळात गेलेला. एकच लूप फिरवणाऱ्या साध्या प्रोग्राममध्ये, इंटरप्ट सोडले तर, या दोहोंत फारसा फरक पडत नाही. आरटीओएस आली की त्यांची फारकत होते. तुमचं फंक्शन निम्म्यावर असताना वरच्या प्रायॉरिटीचा टास्क जागा होतो, तुमचं काम बाजूला सारतो, आपलं उरकतो आणि मग तुम्हाला परत जागा देतो. तुम्ही फंक्शनच्या आधी आणि नंतर घड्याळ पाहिलं असेल तर त्या पाहुण्याचा वेळही तुमच्याच खात्यात पडला.

गिऱ्हाइकाला प्रतिसादाचा वेळ हवा असतो. सेन्सरने खूण दिल्यावर व्हॉल्व्ह किती मिलिसेकंदांत बंद होतो, एवढंच तो विचारणार. पण डिझाइन करताना आकडेमोडीला निव्वळ वेळ लागतो. दोन्ही मोजावे लागतात आणि दोन्हींसाठी घड्याळ वेगवेगळ्या ठिकाणी लावावं लागतं. पुढचं सगळं विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

टिक आणि प्रिंट

सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक जण सिस्टिमची टिक वाचतो. फ्रीआरटीओएसमध्ये टिक बहुतेक वेळा एक मिलिसेकंदाची ठेवलेली असते. फंक्शनआधी टिक वाचली, नंतर वाचली, वजाबाकी केली, उत्तर शून्य. पुन्हा चालवलं तर कधीतरी एक. त्या एकाचा अर्थ फंक्शनला एक मिलिसेकंद लागला असा नसतो. फंक्शन चालू असताना नेमकी टिक पडली, एवढंच त्यातून कळतं. फंक्शन हजार वेळा फिरवून एकूण वेळाला हजाराने भागलं तर सरासरी मिळते, आणि सरासरी इथे फारशी कामाची का नाही, ते पुढे येईलच.

दुसरी सवय प्रिंट टाकून बघण्याची. सिरियल पोर्ट १,१५,२०० बॉडवर असेल तर एका अक्षराला दहा बिट धरून सुमारे ८७ मायक्रोसेकंद जातात. वीस अक्षरांची ओळ म्हणजे पावणेदोन मिलिसेकंद. आपल्याकडच्या पॅनलांवर मॉडबससाठी ९,६०० बॉड सर्रास वापरतात; तिथे एकच अक्षर एक मिलिसेकंदाहून जास्त खातं. दोनशे मायक्रोसेकंदांच्या कोडमध्ये अशी ओळ घुसवली की मोजायची वस्तूच बदलून जाते. आकडे मेमरीतल्या एका छोट्या अ‍ॅरेत साठवा आणि काम संपल्यावर, सगळ्यांत खालच्या प्रायॉरिटीच्या टास्ककडून छापून घ्या.

प्रोसेसरच्या आतलं घड्याळ

कॉर्टेक्स-एम३, एम४, एम७ या गाभ्यांमध्ये, म्हणजे एसटीएम-३२ च्या एफ१, एफ४, एफ७ मालिकांत, डीडब्ल्यूटी नावाच्या विभागात एक सायकल काउंटर दिलेला असतो. प्रोसेसरच्या क्लॉकचा प्रत्येक ठोका तो मोजतो. १६८ मेगाहर्ट्झवर एक ठोका सहा नॅनोसेकंदांचाही नसतो. यापेक्षा बारीक घड्याळ तुम्हाला लागणार नाही.

तो चालू करायला तीन ओळी पुरतात: डीबगच्या डीईएमसीआर रजिस्टरमधला ट्रेसचा चोविसावा बिट १ करा, काउंटर शून्य करा, आणि डीडब्ल्यूटीच्या कंट्रोल रजिस्टरमधला शून्यावा बिट १ करा. काही एम७ चिपांवर त्याआधी कुलूप उघडणारं एक ठरावीक मूल्य लिहावं लागतं. पहिली ओळ कधीही गाळू नका. डीबगर जोडलेला असतो तेव्हा तो बिट बहुधा डीबगरच चालू करून टाकतो, म्हणून टेबलावर सगळं छान चालतं. केबल काढून बोर्ड मशीनवर बसवला की काउंटर जागचा हलत नाही, आणि मग अर्धा दिवस दोष भलतीकडेच शोधण्यात जातो.

काउंटर ३२ बिटांचा आहे. १६८ मेगाहर्ट्झवर तो साधारण साडेपंचवीस सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो, ७२ मेगाहर्ट्झवर मिनिटाभरात. दोन्ही वाचनं चिन्हरहित ३२ बिटांत ठेवून सरळ वजाबाकी करा. मध्ये एकदा शून्य ओलांडलं तरी उत्तर बरोबर येतं; वेगळी अट लिहायची गरज नाही. मात्र प्रोसेसर झोपेत गेला की हा काउंटर सहसा थांबतो आणि ब्रेकपॉइंटवरही थांबतो. वीज वाचवायला आयडल टास्कमध्ये प्रोसेसर झोपवत असाल तर डिले किंवा क्यूवर वाट पाहण्याचा वेळ या काउंटरने मोजू नका. त्यासाठी स्वतंत्र हार्डवेअर टाइमर वापरा.

कॉर्टेक्स-एम० आणि एम०+ यांच्यात हा काउंटर नाही. तिथे सिसटिक आहे, पण तो २४ बिटांचा, उलटा मोजणारा आणि प्रत्येक टिकला नव्याने सुरू होणारा. एखादा मोकळा टाइमर एक मायक्रोसेकंदावर चालवून ठेवणं जास्त सोयीचं. ईएसपी-३२ मध्ये प्रत्येक कोअरला स्वतःचा काउंटर असतो. २४० मेगाहर्ट्झवर तो अठरा सेकंदांच्या आत भरतो. दोन कोअरचे काउंटर एकमेकांशी जुळलेले नसतात. टास्क कोणत्याही कोअरवर पळायला मोकळा ठेवला असेल, तर सुरुवात एका कोअरवर आणि शेवट दुसऱ्यावर होऊन अशक्य आकडे दिसतात. टास्क एका कोअरला बांधा, किंवा मायक्रोसेकंदांत मोजणारा ईएसपी टाइमर वापरा. तो ६४ बिटांचा आहे आणि दोन्ही कोअरना सामायिक आहे.

पहिलं माप रिकाम्या जागेचं घ्या. काउंटर लागोपाठ दोनदा वाचा, मध्ये काहीही नको. जे चार-दोन ठोके निघतील तो मोजण्याचा खर्च. पुढच्या प्रत्येक मापातून तो वजा करा. मग कंपायलरकडे बघा. ऑप्टिमायझेशन चालू असताना, ज्या हिशेबाचं उत्तर कुठेच वापरलं जात नाही तो हिशेब कंपायलर काढूनच टाकतो, किंवा तुमच्या दोन वाचनांच्या बाहेर सरकवतो, आणि फंक्शनला सहा ठोके लागले असं दिसतं. उत्तर व्होलाटाइल व्हेरिएबलमध्ये टाका आणि वाचनांच्या दोन्ही बाजूंना बॅरिअर ठेवा. ऑप्टिमायझेशन बंद करून मोजणं हा यावरचा उपाय नव्हे. गिऱ्हाइकाच्या मशीनवर जो बिल्ड जाणार, तोच मोजायचा.

पाहुण्यांचा वेळ वगळायचा कसा

फंक्शन लहान असेल तर टेबलावर तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद करून मोजता येतं. शेड्युलर थांबवण्याची सोयही फ्रीआरटीओएसमध्ये आहे, पण तिने फक्त टास्क बदलणं थांबतं, इंटरप्ट येतच राहतात. हे दोन्ही उपाय प्रयोगापुरते. चालू मशीनवर हे करू नये.

पूर्ण टास्कचा निव्वळ वेळ हवा असेल तर कर्नलच्या दारातच घड्याळ लावावं. टास्क आत येताना आणि बाहेर जाताना चालणारे दोन ट्रेस मॅक्रो फ्रीआरटीओएसने रिकामे ठेवले आहेत. आत येताना काउंटर वाचून ठेवा, बाहेर जाताना फरक त्या टास्कच्या खात्यात जमा करा, आणि टास्कचा एक फेरा संपला की ती बेरीज काढून घ्या. मध्ये कितीही टास्क येऊन गेले तरी त्यांचा वेळ यात धरला जात नाही. इंटरप्टचा मात्र धरला जातो, कारण इंटरप्ट आला म्हणून टास्क बदलत नाही. म्हणून प्रत्येक इंटरप्ट रूटीनचा वेळ वेगळा मोजून हाताशी ठेवावा लागतो.

रन-टाइम स्टॅट्स नावाची तयार सोयही आहे. टिकपेक्षा किमान दहापट वेगवान टाइमर तिला जोडून दिला की कोणता टास्क प्रोसेसरचा किती टक्के वेळ घेतो याचा तक्ता मिळतो. पहिल्या दिवशी हा तक्ता जरूर काढा. कोण अधाशी आहे हे लगेच कळतं. पण हे टक्के म्हणजे बोर्ड चालू झाल्यापासूनची सरासरी. तासातून एकदा पाच मिलिसेकंद अडून बसणारा टास्क त्यात कुठेही दिसणार नाही. सेगरचं सिस्टिमव्ह्यू किंवा पर्सेपिओचं ट्रेसअ‍ॅलायझर वापरता आलं तर कोणी कोणाला कधी बाजूला सारलं याचं चित्रच समोर येतं. नवख्याने आठवडाभर तरी ते चित्र न्याहाळावं.

एक पिन आणि स्कोप

इतकं असूनही मला सगळ्यात भरवशाची वाटते ती जुनी पद्धत: बोर्डावरची एक मोकळी पिन, आणि स्कोप. काम सुरू होताना पिन वर, संपताना खाली. लायब्ररीचं लांबलचक फंक्शन न वापरता थेट रजिस्टरमध्ये लिहा. म्हणजे मोजण्याचा खर्च दोन-चार ठोक्यांवर राहतो. स्कोपचं घड्याळ तुमच्या बोर्डापेक्षा स्वतंत्र असतं, ही यातली मोठी जमेची बाजू. बोर्डाचा क्लॉक तुम्ही समजता त्यापेक्षा निम्म्याने चालत असेल, तर आतला काउंटर ते सांगणार नाही. स्कोप सांगेल.

प्रोब लावताना ग्राउंडची क्लिप पिनजवळच्या ग्राउंडला लावा. पॅनलच्या पत्र्याला लावलीत तर व्हीएफडीचा सगळा गोंगाट पडद्यावर येईल. ट्रिगर चढत्या कडेवर ठेवा आणि पर्सिस्टन्स अनंत करा. आता डावीकडची कड एका जागी स्थिर उभी राहील, कारण ट्रिगर तिच्यावर आहे. उजवीकडची, म्हणजे काम संपल्याची कड मात्र सुरुवातीला एक बारीक रेष असते. मिनिटभराने तिच्याशेजारी दुसरी फिकट रेष उमटते, मग तिसरी, आणि हळूहळू तिथे एक पट्टा तयार होतो. गडद भाग म्हणजे नेहमीचा वेळ. तुम्हाला हवी असते ती त्या पट्ट्याच्या उजव्या टोकाची, जेमतेम दिसणारी एकुलती रेष. ती एकदाच आली असेल, पण आली. त्या वेळी मशीनवर काय चाललं होतं ते शोधून काढणं हे खरं काम.

त्यासाठी पल्स-विड्थ ट्रिगर लावा. नेहमी २५० मायक्रोसेकंद लागत असतील तर ‘३०० पेक्षा मोठी पल्स आली तरच पकड’ असं सांगा आणि मशीन शिफ्टभर चालू द्या. दुसरी पिन कम्युनिकेशनच्या इंटरप्टला, तिसरी सेटिंग साठवणाऱ्या कोडला दिली असेल, तर पकडलेल्या चित्रात आरोपी आपोआप दिसतो. दोन चॅनेलचा स्कोप अपुरा पडला तर आठ चॅनेलचा स्वस्तातला लॉजिक अ‍ॅनालायझर घ्या. २४ मेगाहर्ट्झने नमुने घेणारा असला तरी सुमारे ४२ नॅनोसेकंदांची बारकाई मिळते. या कामाला ती भरपूर झाली.

पिन कुठे हलवता त्यावरून काय मोजता ते ठरतं. ट्रेस मॅक्रोंमध्ये हलवली तर टास्कचा निव्वळ वेळ. टास्कच्या कोडमध्ये, कामाच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीवर हलवली तर काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा वेळ, पाहुण्यांसकट. आणि खरा प्रतिसादाचा वेळ हवा असेल तर पिनच नको: एक प्रोब सेन्सरच्या तारेवर, दुसरी व्हॉल्व्ह चालवणाऱ्या आउटपुटवर. यात इंटरप्टचा उशीर, टास्कने रांगेत घालवलेला वेळ, सगळंच आलं. मशीन ताब्यात देताना सहीच्या कागदावर हाच आकडा लिहावा.

जास्तीत जास्त वेळ कधी लागतो

एखादा टास्क १०० वेळा मोजून ‘सरासरी २१० मायक्रोसेकंद’ असं कोणी सांगितलं, तर त्याला लगेच विचारा: जास्तीत जास्त किती? रिअल-टाइममध्ये मुदत चुकते ती त्या एका वेळी. प्रत्येक टास्कसाठी किमान, कमाल आणि पन्नास-पन्नास मायक्रोसेकंदांचे खण पाडून कोणत्या खणात किती मापं पडली, एवढं ठेवा. मेमरीची चार-दोनशे बाइट जातील, पण त्यातून जे कळतं ते सरासरीतून कधीच कळणार नाही.

कमाल वेळ आपणहून समोर येत नाही, तो ओढून आणावा लागतो. कॉर्टेक्स-एम४ वर पूर्णांकाच्या एका भागाकाराला आकड्यांनुसार २ ते १२ ठोके लागतात, म्हणून सगळे इनपुट शून्य ठेवून घेतलेलं माप आशावादी असतं. एम४ च्या फ्लोटिंग पॉइंट युनिटला फक्त सिंगल प्रिसिजन कळतं. कोडमध्ये ०.५ लिहिताना पुढचं ‘एफ’ राहिलं तर तो हिशेब डबलमध्ये जातो, सॉफ्टवेअरने होतो आणि कितीतरी पट वेळ खातो. अलार्मची शाखा, चुकीचा चेकसम आलेली फ्रेम, रांग गच्च भरलेली असतानाची वाट: हे सगळे रस्ते मुद्दाम चालवून पाहावे लागतात. कॅश असलेल्या एम७ वर पहिला फेरा नेहमी मंद असतो. ‘वॉर्म-अप’ म्हणून तो फेकून देऊ नका, कारण मशीनवर तो फेराही खराच असतो.

आणि फ्लॅश. एसटीएम-३२ एफ१ मध्ये फ्लॅशचं एक पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. कोडही त्याच फ्लॅशमधून चालत असेल तर पुसणं होईपर्यंत प्रोसेसरला पुढची इन्स्ट्रक्शनच मिळत नाही आणि तो जागच्या जागी थांबतो. एक मिलिसेकंदाचा कंट्रोल लूप असेल तर त्याच्या वीस ते चाळीस फेऱ्या बुडाल्या. टेबलावरच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही; सुपरवायझर मशीन चालू असतानाच नवीन सेटिंग भरून ‘सेव्ह’ दाबतो तेव्हा दिसतं. म्हणून मापं घेताना ‘सेव्ह’ दाबाच, आणि उत्तर वाईट आलं की सेटिंग बाहेरच्या एफ-रॅमवर न्या किंवा मशीन थांबलेलं असतानाच साठवायची अट घाला.

उन्हाचाही यात हात असतो. क्रिस्टल न लावता चिपच्या आतल्या आरसी ऑसिलेटरवर बोर्ड चालवत असाल, तर कारखान्यातून तो २५ अंश तापमानाला एक टक्क्याच्या आसपास जुळवलेला असतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनलमध्ये २५ अंश कुठले? ठोक्यांची संख्या तीच राहते, पण ठोका लहान-मोठा होतो. सिरियल कम्युनिकेशन असलेल्या बोर्डावर क्रिस्टल लावाच, आणि अंतिम माप तापलेल्या पॅनलवर घ्या.

आकडा हाती आल्यावर

आता या आकड्यांचं करायचं काय? १९८६ मध्ये ‘द कॉम्प्युटर जर्नल’मध्ये मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी प्रतिसादाचा वेळ काढायची रीत मांडली. पंड्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. जोसेफही आधी तिथेच होते, पुढे इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठात गेले आणि नंतर पुण्याच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. जगभर रिअल-टाइमच्या वर्गांत शिकवली जाणारी ही रीत मुंबईशी जोडलेली आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवं.

रीत सोपी आहे. टास्कचा स्वतःचा कमाल निव्वळ वेळ घ्या. तेवढ्या काळात वरच्या प्रायॉरिटीचे टास्क जास्तीत जास्त किती वेळा येतील ते पाहा आणि त्यांचा वेळ त्यात मिळवा. बेरीज वाढली म्हणजे खिडकी मोठी झाली, त्यात ते आणखी येतील, पुन्हा मिळवा. बेरीज स्थिर झाली की तोच प्रतिसादाचा कमाल वेळ.

समजा तीन टास्क आहेत, वरच्या प्रायॉरिटीपासून खाली. कंट्रोल लूप दर १ मिलिसेकंदाला, वेळ २५० मायक्रोसेकंद. मॉडबस दर ५ मिलिसेकंदांना, वेळ १.५ मिलिसेकंद. डिस्प्ले आणि लॉगिंग दर २० मिलिसेकंदांना, वेळ ६ मिलिसेकंद. प्रोसेसर ८५ टक्के भरला. लिऊ आणि लेलँड यांच्या १९७३ च्या नियमाने तीन टास्कना ७८ टक्क्यांपर्यंत बिनघोर हमी मिळते, म्हणजे आपण तिच्या बाहेर आहोत आणि हिशेब करणं भाग आहे. डिस्प्लेच्या ६ मिलिसेकंदांपासून सुरू करा: त्यात कंट्रोल ६ वेळा, म्हणजे १.५, मॉडबस २ वेळा, म्हणजे ३, बेरीज १०.५. आता १०.५ मध्ये कंट्रोल ११ वेळा, मॉडबस ३ वेळा; बेरीज १३.२५. पुढच्या फेरीत १४, आणि त्यापुढेही १४. सहा मिलिसेकंदांचं काम वाईटात वाईट वेळी १४ मिलिसेकंदांनी संपतं, मुदत २० ची. निभावलं.

आता समजा, ते २५० मायक्रोसेकंद सरासरी होते आणि पल्स-विड्थ ट्रिगरने कमाल ४०० दाखवले. हाच हिशेब पुन्हा केला तर बेरीज ११.४, १५.३, १८.४, १९.६ अशी चढत २० मिलिसेकंदांवर थांबते. नेमकं मुदतीवर, आणि टास्क बदलायचा खर्च अजून धरलेलाच नाही. लहानशा टास्कमधल्या दीडशे मायक्रोसेकंदांनी भलत्याच टास्कची मुदत बुडवली. तक्रार येते ती ‘डिस्प्ले अडकतो’ अशी, आणि सगळे डिस्प्लेचा कोड उकरत बसतात.

यात एक भर घालायची: खालच्या टास्कने म्युटेक्स धरून ठेवल्यामुळे वरच्याला थांबावं लागतं, तो वेळ. ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान यामुळेच पुन्हापुन्हा रीसेट होत होतं. हवामानाच्या माहितीचा खालच्या प्रायॉरिटीचा टास्क म्युटेक्स धरून असायचा, मधल्या प्रायॉरिटीचे टास्क त्याला पुढे सरकू द्यायचे नाहीत, आणि वरच्या प्रायॉरिटीचा, बस सांभाळणारा टास्क खोळंबायचा. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर ट्रेस घेऊन दोष सापडला आणि व्हीएक्सवर्क्समधली प्रायॉरिटी इनहेरिटन्सची सोय चालू करून तो दूर केला. फ्रीआरटीओएसच्या म्युटेक्समध्ये ही सोय आहे, बायनरी सेमाफोरमध्ये नाही. सामायिक वस्तूला कुलूप म्हणून सेमाफोर वापरला असेल तर तो बदला, आणि प्रत्येक म्युटेक्स जास्तीत जास्त किती वेळ धरला जातो, तेही एका पिनवर मोजा.

मापाच्या नोंदीत आकड्याशेजारी कंपायलरची आवृत्ती, ऑप्टिमायझेशनची पातळी, क्लॉक, फ्लॅशच्या वेट स्टेट्स आणि पॅनलचं तापमान लिहा. एसटीएम-३२ एफ४ ला १६८ मेगाहर्ट्झवर ३.३ व्होल्टला पाच वेट स्टेट्स लागतात. कोणी क्लॉक बदलला की जुनी मापं बाद. लायब्ररी बदलली, कंपायलर बदलला, तरी पुन्हा मोजायचं. कमाल वेळ मोजणारा कोड मशीन रवाना करताना काढू नका. प्रत्येक टास्कचा कमाल आकडा एकेका मॉडबस रजिस्टरवर द्या, म्हणजे सर्व्हिसला गेलेला मुलगा लॅपटॉप जोडून तो वाचू शकेल. आणि हे आकडे रॅमच्या अशा भागात ठेवा, जो रीसेटनंतर सुरुवातीचा कोड शून्य करत नाही. वॉचडॉगने रात्री अडीच वाजता बोर्ड रीसेट केला, तर सकाळी पहिला प्रश्न हाच असतो, की त्याआधी कोणता टास्क किती वेळ अडला होता.